खवट खोबरं आणि अण्णांचं नाक: घरातल्या थोरांना वास येतो का, हे घरीच कसं तपासावं

कराडला आमचं मिरची कांडप आहे. मार्च ते मे हा चटणीचा हंगाम, त्या दिवसांत जेवायलाही फुरसत नसते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पस्तीस वर्षं ते चालवलं आणि आता मी चालवते. खोबऱ्याच्या पोत्याचं तोंड सोडलं की आत एखादी वाटी खवट आहे का हे अण्णा लांबूनच सांगायचे. बायका घरून आणलेलं सामान आधी त्यांच्यापुढं धरायच्या. त्यांनी मान हलवली तरच ते तव्यावर जायचं.

२०११ च्या एप्रिलमध्ये एका जुन्या गिऱ्हाईक काकूंची सहा किलो चटणी परत आली. खोबरं खवट होतं, आणि ते अण्णांनीच हातात घेऊन "चालतंय" म्हणून टाकलं होतं. आम्ही म्हटलं, वय झालं. आई म्हणाली, तपकिरीनं नाक मेलंय. दोन्ही पटण्यासारखं होतं. शिवाय मिरची कुटताना आमच्याबरोबर अण्णांनाही ठसका लागायचा, शिंका यायच्या, डोळे वाहायचे. मग त्यांचं नाक गेलंय असं कोण म्हणेल?

२०१७ च्या दिवाळीत त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बसल्या बसल्या हलायला लागला. उधारीच्या वहीतलं अक्षर ओळीच्या शेवटाकडं मुंगीएवढं व्हायचं. २०१८ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञांनी पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान केलं. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "यांना वास येतो का? येत नसेल तर कधीपासून?" पहिल्या प्रश्नाला आम्ही गोंधळलो. दुसऱ्याला मला ती परत आलेली चटणी आठवली. हात हलायच्या साडेसहा वर्षं आधीची.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले, डॉक्टरांना विचारत आले, आणि घरात वास तपासायची एक पद्धत बसवली. तीच इथं लिहिते. मी डॉक्टर नाही. या पद्धतीनं निदान होत नाही. डॉक्टरांना सांगायला तुमच्या हातात काहीतरी नेमकं येतं, एवढाच तिचा उपयोग, आणि माझ्या मते तो फार मोठा आहे.

आधी थोडं नाकाबद्दल. नाकाच्या छतावर वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांचे धागे चाळणीसारखी भोकं असलेल्या एका पातळ हाडातून थेट वर मेंदूत, घ्राणकंद नावाच्या वासाच्या भागात जातात. मेंदू आणि बाहेरची हवा यांच्यात एवढं कमी अंतर दुसरीकडं कुठंच नाही. जर्मनीतले शरीररचनाशास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी मृत्यूनंतरचे मेंदू तपासून २००३ मध्ये मांडलं की पार्किन्सन्समध्ये अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या अगदी सुरुवातीला दोन ठिकाणी दिसतात: घ्राणकंदात, आणि मेंदूच्या बुडाशी, जिथून पोटाकडं जाणारी एक मोठी नस निघते. हालचाल सांभाळणाऱ्या भागाची पाळी नंतर येते. म्हणून काहींमध्ये वास जाणं आणि बद्धकोष्ठ हे हात हलायच्या कितीतरी आधी येतं. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजारात, प्रथिन वेगळं, पण त्याच्या गाठीही आठवणीच्या ज्या भागात लवकर दिसतात तो वासाच्या रस्त्याला अगदी लागून आहे.

आता ठसका. आमची सगळ्यात मोठी चूक इथंच झाली. मिरचीचा ठसका, कापराचा थंडावा, विक्सची झिणझिण, अमोनियाचा झटका या गोष्टी वासाच्या नसेनं कळत नाहीत. चेहऱ्याला स्पर्श, आग, गारवा कळवणारी नस वेगळी असते, तिचं हे काम. वास पूर्ण गेलेला माणूसही मिरचीनं शिंकतो. अण्णांच्या शिंका बघून आम्ही सात वर्षं निर्धास्त राहिलो. तुमच्या घरात कोणी म्हणालं की "त्यांना येतो की वास, परवा फोडणीचा ठसका लागला", तर ते पुरावा म्हणून धरू नका.

दुसरी गोष्ट, ज्याचा वास गेलाय त्याला बहुतेक वेळा ते ठाऊकच नसतं. दिसायचं कमी झालं की माणूस चष्मा मागतो, नाकाचं तसं नाही. वास हळूहळू जातो, जेवण "आजकाल बेचव" होतं, आणि दोष सुनेच्या हाताला जातो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेनं २०२० मध्ये वास मोजणारं एक यंत्र तयार केलं आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर ते कोविडच्या रुग्णांवर वापरलं. लक्षणं नसलेल्यांमध्येही यंत्रावर वासाचा दोष बराच सापडला, पण आपणहून तसं सांगणारे थोडेच होते. म्हणून "तुम्हाला वास येतो का?" असं नुसतं विचारून भागत नाही. डबी नाकाखाली धरावी लागते.

डबी धरायची कशी, ते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले रिचर्ड डॉटी यांच्याकडून घ्यावं. १९८४ मध्ये त्यांनी चाळीस वासांची चाचणी आणली. कागदाचा ठिपका खरवडायचा, हुंगायचं, आणि दिलेल्या चार नावांतलं एक निवडायचं. त्यांच्या यादीत रूट बिअर हे तिकडचं गोड पेय आहे, बडीशोपेच्या जातीच्या पाल्यात मुरवलेली काकडी आहे. आमच्या आईला ती दिली तर निरोगी नाक असूनही ती नापास होईल. पण चार नावांतून निवडायची युक्ती फार मोलाची आहे, ती उचला. "हा कशाचा वास?" एवढंच विचारलं तर आपण नाकाबरोबर शब्दांची आठवणही तपासत बसतो. वास ओळखीचा वाटतो पण नाव ओठावर येत नाही, असं तुमचंमाझंही होतं.

माझी पद्धत अशी. एकसारख्या दहा लहान डब्या घ्या, काचेच्या किंवा स्टीलच्या. प्लॅस्टिकच्या नकोत, त्यांना आधीचा वास धरलेला असतो. नऊ डब्यांत नऊ वास: कॉफीची पूड, ठेचलेला लसूण, भाजलेलं जिरं, सोललेला वेलदोडा, लिंबाची साल, गुलाबपाकळ्या किंवा मोगरा, हिंग, चुरडलेली कोथिंबीर, अंगाचा नेहमीचा साबण किसून. दहावी डबी रिकामी, नुसता कापूस. प्रत्येक डबीत वरून कापसाचा पातळ थर द्या, म्हणजे आतलं दिसत नाही आणि पूड नाकात जात नाही. तळाला आकडे चिकटवा. ओला जिन्नस त्याच सकाळी भरा. शिळा लसूण वेगळाच वास देतो. कापूर, निलगिरी, पुदिन्याचं तेल, कुठलाही बाम, मिरची, मिरी यांतलं काही डब्यांत घालू नका. कारण वर सांगितलंच.

वेळ सकाळची, चहाआधीची किंवा चहानंतर तासाभराची. त्या दिवशी घरात उदबत्ती नको, फोडणी नको. तंबाखू, मिसरी, तपकीर तासभर आधी बंद. सर्दी असेल तर सरळ दोन आठवडे पुढं ढकला. माणूस खुर्चीत आरामात बसलेला आणि डोळे मिटलेले असावेत. डबी नाकापासून दोन बोटांवर धरा, दोन-तीनदा नेहमीसारखं हुंगू द्या, मग चार नावं म्हणा: "लसूण, गुलाब, कॉफी, की लिंबू?" नावं एकमेकांपासून लांबची घ्या. हिंग आणि लसूण एकत्र दिले तर चांगलं नाकही चकतं. उत्तर आलंच पाहिजे, "काही येत नाही" म्हणाले तरी अंदाज सांगायला लावा, आणि वहीत दोन्ही लिहा. पुढची डबी अर्ध्या मिनिटानं. रिकाम्या डबीला मात्र आधी एवढंच विचारा, "यात काही आहे?" तिथं कोणी ठामपणे "मोगरा" म्हणालं तर तेही टिपून ठेवा. बरोबर आलं की "शाब्बास" म्हणू नका आणि चुकलं की चेहरा पाडू नका. आमच्या आईचा चेहरा बघूनच अण्णा उत्तर बदलायचे, शेवटी मी तिला आतल्या खोलीत बसवलं.

नऊपैकी दोन नुसत्या अंदाजानंही बरोबर येतात, त्यामुळं दोन आले म्हणून हुरळून जाऊ नका. किती आले म्हणजे ठीक, असा आकडा मी देणार नाही. ही मोजून-मापून बसवलेली चाचणी नव्हे. तुलना घरातच करा. त्याच सकाळी, त्याच डब्या त्याच वयाच्या दुसऱ्या माणसाला द्या. आमच्याकडं आत्याला आठ आले, अण्णांना दोन. दोन आठवड्यांनी पुन्हा घेतलं, तेव्हा आत्याला आठ, अण्णांना तीन. असा फरक दोनदा दिसला तर तो डॉक्टरांपुढं ठेवण्याजोगा आहे.

आणखी एक पायरी आहे, ती मला सगळ्यात जास्त आवडते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले मेंदूशास्त्रज्ञ मार्क अल्बर्स बरीच वर्षं वास आणि अल्झायमर यांवर काम करतात. त्यांच्या चाचणीत आधी काही वास दिले जातात, आणि थोड्या वेळानं तेच वास नव्यांत मिसळून पुन्हा येतात: हा मघाशी आला होता का? वास कळतो की नाही यापेक्षा वास लक्षात राहतो का, हे त्यात दिसतं. वासाची कार्डं टपालानं येतात आणि माणूस घरीच, एकटा, चाचणी देऊ शकतो. २०२५ मध्ये त्यांच्या गटानं प्रसिद्ध केलं की देखरेखीशिवायही ती नीट घेता येते, आणि ज्यांची स्मरणशक्ती सौम्य घसरली आहे अशा वयस्कांचे गुण त्यात कमी येतात. घरी करायचं तर पहिल्या फेरीत पाचच डब्या द्या, दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारा, मग सगळ्या डब्या देऊन प्रत्येकीला विचारा, "ही मघाशी होती का?" हे मुख्य तपासणीच्या दिवशी करू नका, वेगळ्या दिवशी करा.

दरम्यान एका भाच्यानं मला शेंगदाण्याच्या लोण्याची चाचणी पाठवली: एक नाकपुडी बंद, पट्टी धरून किती सेंटिमीटरवर वास येतो ते मोजायचं, डावीकडं कमी आला तर अल्झायमर. ती २०१३ मध्ये फ्लोरिडात निघाली होती. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी करून पाहिली तेव्हा तसा डाव्या-उजव्याचा फरक सापडला नाही. कृपा करून कोणाला ती पुढं पाठवू नका. एखादी म्हातारी उगाच रात्रभर जागेल.

घाबरण्याबद्दल आकड्यांनीच बोलते. डॉटींच्या १९८४ च्या अभ्यासात ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांची वासाची शक्ती बरीच उतरलेली होती, आणि ऐंशीच्या पुढं तीन चतुर्थांशांहून अधिकांची. त्या सगळ्यांना मेंदूचा आजार नव्हता. हवाई बेटांवर जपानी वंशाच्या २,२६७ वयस्क पुरुषांचा वास तपासून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या ३५ जणांना पार्किन्सन्स झाला. वासात सगळ्यात मागं असलेल्या गटात ते प्रमाण जास्त होतं, विशेषतः पहिल्या चार वर्षांत, पण त्या गटातल्याही बहुतेकांना तो झाला नाही. उलट बाजूनं पाहिलं तर पार्किन्सन्स झालेल्यांमध्ये वास उतरलेला असण्याचं प्रमाण फार मोठं आहे. म्हणून हे लक्षण एकटं आलं तर वहीत जातं. सोबत्यांसह आलं तर दवाखान्यात जायचं.

सोबती हे: झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, स्वप्नातली मारामारी खरोखर करणं. आई वर्षभर वेगळी झोपत होती आणि आम्हाला ते घोरण्यामुळं वाटत होतं. जुनाट बद्धकोष्ठ. चालताना एकच हात न हलणं. शर्टाची गुंडी लावायला वेळ लागणं. आवाज बारीक होणं. अक्षर लहान होणं, आणि यासाठी जुन्या वह्या काढा. आमच्या उधारीच्या वह्यांनी डॉक्टरांना जेवढं सांगितलं तेवढं आम्ही तोंडानं सांगू शकलो नसतो. विसराळूपणाची शंका असेल तर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, हेही तारखेसह लिहा.

तारीख काढायची कशी? "वास कधी गेला" याला उत्तर नसतं. सणवार धरून विचारा. गेल्या दिवाळीत बेसन भाजताना आतल्या खोलीतून ओरडले होते का, "लागलंय बघ खाली" म्हणून? पहिल्या पावसाचा मातीचा वास शेवटचा कधी म्हणाले होते? दूध उतू जाऊन करपलं तेव्हा घरात कोण होतं आणि कोणाला कळलं? अशा तीन-चार आठवणी जुळल्या की वर्ष सापडतं.

मग आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर. सायनस, नाकातली वाढ, जुनी सर्दी, कोविड, डोक्याला लागलेला मार, काही औषधं, तंबाखू-तपकीर, एवढी कारणं आधी बाजूला काढावी लागतात, आणि त्यांतली काही बरी होण्यासारखी असतात. नाक साफ निघालं आणि वरचे सोबती असले तर मेंदूविकारतज्ज्ञ. आम्हाला आधी एका ठिकाणी "वयाचं आहे" म्हणून परत पाठवलं होतं. त्या वेळी माझ्याकडं वही नव्हती. वही असती तर मी तिथून उठले नसते. हात कापणारा प्रत्येक जण पार्किन्सन्सचा नसतो. नुसत्या कंपाच्या एका सर्रास आढळणाऱ्या आजारात वास साधारणपणे शाबूत असतो, म्हणून तज्ज्ञांना तुमची माहिती खरोखर लागते. पार्किन्सन्सचं निदान पक्कं करणाऱ्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही वास जाणं हा एक दुजोरा देणारा मुद्दा आहे.

घरच्या माणसाला काय सांगायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जड गेला. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, गिऱ्हाईकांची नाकं कशी असतात ते बघायचंय, तुम्ही पण बसा." सगळ्या घरानं हुंगलं, शेजारच्या पोरांनीही. संपल्यावर ते हळूच म्हणाले, "पोरी, मला कशाचाच येत न्हाई गं." किती वर्षं त्यांनी ते एकट्यानं सांभाळलं असेल. आजाराचं नाव त्या दिवशी घेऊ नका. ते डॉक्टरांचं काम.

निदान काहीही निघो, वास गेलेला माणूस घरात असेल तर गॅसचं आजच बघा. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन घालतात. तो वास ज्याला येत नाही त्याला गळती कळत नाही. गळती ओळखून वाजणारं यंत्र बसवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून ते जमिनीजवळ लावा. पाइपनं येणारा गॅस हलका असतो, त्याला छताजवळ. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक शेगडीच्या मागं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख टाका, कारण आंबलेलं वरण त्यांना कळणार नाही. मीठ वरून घ्यायची सवय लागते, रक्तदाब असेल तर लक्ष ठेवा. जिभेची चव बहुधा शाबूत असते, तेव्हा लिंबू, चिंच, कोकम, दाण्याचं कूट, कुरकुरीत पापड यांनी ताट जिवंत ठेवा. वजन महिन्याला करा.

वासाचा सरावही करता येतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे संशोधक थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. निलगिरी आपण चाचणीत टाळली, सरावात चालते. २०१३ मध्ये त्यांच्याच गटानं पार्किन्सन्सच्या रुग्णांवर हा सराव करून पाहिला आणि वासात थोडी सुधारणा नोंदली. आजार त्यानं थांबत नाही, आणि पार्किन्सन्सच्या गोळ्यांनी वास परत येत नाही, हे आधीच मनाशी धरा. आम्ही अत्तराचा फाया, लवंगा, लिंबाची साल आणि निलगिरीचं तेल अशा चार बाटल्या देवघराशेजारी ठेवल्या. प्रत्येकीला वीस सेकंद, आणि हुंगताना त्या वासाची एक जुनी आठवण सांगायची. लवंगेला अण्णा दर वेळी त्यांच्या आईचं दातदुखीचं औषध सांगतात. बाराव्या आठवड्यात त्यांना लिंबू ओळखू आलं. बाकी तिन्ही अजून नाहीत.

कांडपावर ते हंगामात अजून बसतात. खोबऱ्याची वाटी हातात घेतात, कानाजवळ धरून मोडतात. कोरडी असेल तर टचकन आवाज येतो. मग मोडलेली कड बघतात, पिवळसर झाली असेल तर बाजूला. शंका राहिली तर नखाएवढा तुकडा चावतात आणि जिभेला कडवट लागला की मान हलवतात. शेवटचं हुंगायचं काम माझं. मी हुंगून त्यांच्याकडं बघते, आणि दोघांचं जुळलं तरच ती वाटी तव्यावर जाते.